मोठ्या चकतीवरची एक खूण

फौजेतली माझी जवळजवळ सगळी नोकरी बंद खिडक्यांच्या खोलीत गेली. बाहेर वाळू उडत असो की बर्फ पडत असो, आमच्या खोलीतली हवा तेवढीच थंड आणि तेवढीच कोरडी ठेवलेली असायची. आत शिरताना बूट बदलावे लागत. टेबलापाशी कोणी शिंकलं तर हवालदार त्याला बाहेर काढायचा. दुर्बिणी, होकायंत्रं, अंतर मोजायची यंत्रं आणि तोफांना लावायच्या नेमाच्या दुर्बिणी आमच्याकडे यायच्या. भिंगाच्या आत बुरशी धरली असेल तर ती उघडून साफ करायची, झिजलेली चाकं बदलायची, आणि मग यंत्र कट्ट्यावर चढवून समोरच्या पक्क्या खुणेशी ताडून बघायचं. ते जे दाखवतं ते बरोबर असेल तर वर्कशॉपची मोहर लावायची, नसेल तर परत टेबलावर घ्यायचं. बंदूक मी वर्षातून एकदा, सरावापुरती चालवली.

माझ्या मोठ्या भावाला हे काम कधीच आवडलं नाही.

आमचं गाव सौंदडजवळ आहे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खाली आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि घरात आम्ही दोघंच भाऊ. तो माझ्याआधी भरती झाला, पायदळाच्या पलटणीत. सुटीवर आला की पहाटे मला उठवून कालव्याच्या रस्त्यानं पळवायचा. मी थांबलो तर मागून ढेकूळ मारायचा. माझा भाऊ माझ्याच पलटणीत येणार, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. मी भरती झालो खरा, पण बारावीचे विज्ञानाचे मार्क आणि डोळ्यांची तपासणी बघून त्यांनी मला यंत्रांच्या कामाला टाकलं. मी काही मागितलं नव्हतं. पण आपल्याला टाळण्यासाठीच मी ते काम घेतलं, असं भावाच्या डोक्यात बसलं.

पहिल्या सुटीत मी घरी आलो तेव्हा तो पानठेल्यावर चार लोकांत बसला होता. मला बघून म्हणाला, हा काही फौजी नाही, हा घडीसाज आहे. लोक हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून गावात माझं नाव घडीसाज पडलं. रस्त्यानं जाताना म्हातारी माणसं बंद पडलेली मनगटी घड्याळं पुढे करायची.

मी पण ऐकून घेणारा नव्हतो. पुढच्या एका लग्नात, पंगतीत, त्यानं पुन्हा तोच विषय काढला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो की आमच्याशिवाय तुझी तोफ म्हणजे नुसता लोखंडी नळ आहे. तो पलटणीत उखळी तोफेवर होता. तो ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला तो मांडवात परत आलाच नाही. मायनं मला त्या दिवशी फार बोलून घेतलं. त्याला मात्र ती काही म्हणाली नाही.

उखळी तोफ म्हणजे जमिनीवर टेकवलेली तिरपी नळी. तिच्या बाजूला एक छोटी दुर्बीण लावतात, फौजेत तिला साइट म्हणतात. तोफ कोणत्या दिशेला रोखायची ते आकडे या साइटवर लावायचे असतात. त्यासाठी दोन चकत्या असतात. मोठ्या चकतीवर ठळक खुणा, आणि छोटीवर बारीक. छोटी चकती पूर्ण फिरली की मोठीवरची एक खूण सरकते. हुकूम आला की दोन्ही बघून लावायच्या, मग पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, मग गोळा सोडायचा. भाऊ आपल्या तोफेचा नंबर एक होता, म्हणजे साइट लावणं त्याचं काम.

एका सरावात त्याच्या तोफेचा गोळा भलतीकडे गेला. डोंगराच्या बगलेला त्यांच्याच पलटणीतले काही जवान टेहळणीला बसले होते, त्यांच्याजवळ पडला. एका जवानाचा पाय गुडघ्याखाली गेला. तो जवान आमच्याच जिल्ह्यातला, सालेकशाकडच्या जंगलपट्टीतला गोंड पोरगा होता. त्याला पलटणीत आणून बसवलं ते माझ्या भावानंच, असं भाऊ आधी अभिमानानं सांगायचा.

त्या वेळी मी त्याच भागातल्या वर्कशॉपमध्ये होतो. त्या साइटवर आमच्याच वर्कशॉपची मोहर होती, जरी ती माझ्या हातून गेली नव्हती. चौकशी बसली, आणि ती साइट जशी होती तशी, चकत्या न हलवता, सील करून आमच्याकडे तपासायला आली. सोबत एक अधिकारी होता. त्यानं हुकमात दिलेले आकडे तोंडानं सांगितले आणि सील तोडायला लावलं. टेबलाशी मी आणि आमचा हवालदार होतो. मी भिंग डोळ्याला लावलं आणि चकत्या बघितल्या. छोटी चकती बरोबर त्या आकड्यावर होती. मोठी एक खूण डावीकडे होती.

तेवढ्यात अधिकाऱ्याचं लक्ष माझ्या छातीवरच्या नावाकडे गेलं. त्यानं कागदातलं भावाचं नाव बघितलं, आडनाव एकच. तुझा कोण, असं विचारलं. मी सांगितलं. त्यानं मला लगेच खोलीबाहेर काढलं आणि जे पाहिलं असेल ते विसर म्हणाला. पुढची तपासणी दुसऱ्यांनी केली. साइटमध्ये काहीही बिघाड निघाला नाही. चूक तोफेवरच्या माणसांची, असा निकाल लागला. भावाची बढतीची फीत काढून घेतली, आणि ती परत कधी लागली नाही.

त्यानंतरच्या सुटीत आम्ही दोघं एकाच वेळी घरी होतो. तो अंगणात खाटेवर बसला होता आणि मला बघून उठला नाही.

"तू त्याच वर्कशॉपात होता ना?"

"होतो."

"मंग साइट तूनं पाहली?"

"नाई," मी म्हणालो. "आडनाव पाहून मले बाहेर काढलं."

तो म्हणाला की साइट खराब होती, वाटेत ट्रकमध्ये आदळली असेल किंवा तुमच्या लोकांनी न बघताच मोहर मारली असेल, आणि साहेब लोकांनी वर्कशॉप वाचवायला त्याच्या गळ्यात चूक बांधली. मी एवढंच गावात सांगावं, असं त्याचं म्हणणं होतं. माझ्या तोंडून आलं तर लोक मानतील. मी नाही म्हणालो. आमच्या खोलीतून तसला माल बाहेर जात नाही, असंही म्हणालो. ते मला म्हणायची गरज नव्हती, पण त्यानं माझ्या कामाबद्दल जे शब्द वापरले होते ते मी इथे लिहू शकत नाही.

त्या संध्याकाळी मायनं मला चुलीजवळ बोलावलं. ती म्हणाली, म्हणून टाक ना एकदाचं, तुझं काय जाते. मी म्हणालो, ते खरं नाही.

"तुले कसं माहीत?" ती म्हणाली. "तू तं बाहेर होता."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं. पण तिनं भावाला सांगितलं नाही, आणि मला काही विचारलं नाही.

भाऊ माझ्या आधी नोकरी संपवून घरी परतला. मी परतलो तोवर अंगणाच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा झाला होता. माय त्याच्या बाजूला. मी समोरच्या रस्त्यानं जायचो, तो मागच्या. वहिनी माझ्या बायकोशी विहिरीवर बोलायची, पण तो घरी असला की तीही बोलायची नाही. बोडीवरून बायको परत आली की काहीतरी ऐकून यायची. घडीसाजाच्या वर्कशॉपनं एका जवानाचा पाय खाल्ला, ही गोष्ट तोवर गावातल्या लहान पोरांनाही पाठ झाली होती.

प्रजासत्ताक दिनाला ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन होतं तेव्हा माजी सैनिकांना खुर्च्या देतात आणि दोन शब्द बोलायला लावतात. मी पहिल्या वर्षी गेलो. भावाचा नंबर आला तेव्हा त्यानं माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, लढणाऱ्या माणसाचा शत्रू नेहमी समोरच नसतो, कधी तो मागे थंड खोलीत खुर्चीवर बसलेला असतो. शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात. मी खुर्चीवर बसून राहिलो. उठून गेलो असतो तर ते खरं मानलं गेलं असतं. पुढच्या वर्षी त्यानं तेच भाषण थोडं वाढवून केलं. मी पुन्हा गेलो, पुन्हा बसून राहिलो. बायको म्हणायची, जाता कशाला. मी म्हणायचो, माझी खुर्ची आहे.

मी अर्जुनी मोरगावला बस स्टँडजवळ एक गाळा घेतला. रस्त्याच्या आणि कालव्याच्या ठेकेदारांकडे जमिनीची पातळी बघायच्या दुर्बिणी असतात, त्या बिघडल्या की पूर्वी नागपूरला पाठवाव्या लागायच्या. त्या मी दुरुस्त करू लागलो. डॉक्टरांची रक्तदाब बघायची यंत्रंही यायची. हळूहळू बरं चाललं.

गेल्या हिवाळ्यात दुपारी एक माणूस दुकानाच्या पायरीशी थांबला. पॅन्टच्या एका पायातून बूट सरळ खाली उतरलेला, घोट्याला वळण नाही, हे मला आधी दिसलं. त्याच्या हातात काही दुरुस्तीला आणलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, अमक्याचा भाऊ तूच का. मी हो म्हणालो. मग त्यानं आपलं गाव सांगितलं आणि मला कळलं की हा कोण.

मी खुर्ची दिली, तो बसला नाही. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बोलत होता, फौजेत राहिलेली माणसं बोलतात तसं. गोंदियाला कोणा माजी सैनिकाकडून त्याच्या कानावर आलं होतं की सौंदडच्या बाजूच्या एका गावात दरवर्षी झेंड्याखाली त्याच्या पायावर भाषण होतं. त्याला हे आवडलं नव्हतं. पाय माझा, तो म्हणाला, आणि बोलतं भलतंच कोणी. माझा भाऊ त्याला बघायला दवाखान्यात एकदाही गेला नव्हता, घरीही गेला नव्हता. आज त्याला समोर उभा करून एकच गोष्ट विचारायची, म्हणून तो रेल्वेनं आला होता. घर माहीत नाही, तुझ्या दुकानाचा पत्ता तेवढा मिळाला, तू दाखव, असं त्यानं मला सांगितलं. मी म्हणालो, मी तिकडे गेलो तर भांडण होईल. तो म्हणाला, होऊ दे.

आम्ही बसनं गेलो. रस्त्यात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझ्या वर्कशॉपची मोहर त्या साइटवर होती, हे तोही विसरला नव्हता.

भाऊ अंगणात होता, तणसाच्या पेंढ्या रचत होता. त्यानं आधी मला बघितलं आणि तोंड उघडलं, शिवी द्यायलाच. मग माझ्या मागून येणारा माणूस त्याला दिसला. हातातली पेंढी त्यानं खाली ठेवली. वहिनीनं पाणी आणलं, ते कोणी घेतलं नाही. तट्ट्यापलीकडे माझी बायको येऊन उभी राहिल्याचं मला कळलं.

पाय गमावलेला तो माणूस खाटेच्या कडेला बसला. भावानं बोलायला सुरुवात केली, आणि नेहमीचंच बोलू लागला, की साइट खराब होती, ट्रकमध्ये आदळली होती, चौकशी खोटी होती. बोलताना तो माझ्याकडे बोट करत होता. त्या माणसानं हात वर करून त्याला थांबवलं.

"उस्ताद, साइट जाने दो," तो म्हणाला. "हुकूम आला तेव्हा तुमी मोठी चकती पाहली होती का?"

भाऊ खाली बसला, जमिनीवरच.

"नाई," तो म्हणाला. "छोटी पाहली. मोठी मांगच्या गोळ्याच्या वेळची तशीच असन, असं वाटलं."

"एक खूण डावीकडं होती," मी म्हणालो.

मला बोलायचं नव्हतं. समोर कोणी यंत्राबद्दल अर्धवट सांगितलं की उरलेलं पुरं करायची इतक्या वर्षांची सवय, तसं ते तोंडातून निघालं. भावानं मान वळवली.

"तुले कसं माहीत?"

मी तट्ट्याकडे नजर वळवली.

"तू तं बाहेर होता," तो म्हणाला. मग स्वतःच समजला. "तूनं पाहली होती. तूनं आपल्या डोऱ्यानं पाहली होती, आन इतके वर्षं मले बोलू देल्लं. गावासमोर. खुर्चीवर बसून ऐकत होता."

"मी तुले वाचवलं."

"नाई. तू मजा पाहून राहिला होता."

तो उठला आणि माझ्या अंगावर आला. मारेल असं वाटलं, मीही मुठी आवळल्या होत्या. वहिनी मध्ये आली. त्यानं तिला बाजूला केलं, पण मला हात लावला नाही. फाटकाकडे हात करून म्हणाला, निघ. मग त्या माणसाकडे वळून, अगदी वेगळ्या आवाजात, जेवून जा म्हणाला.

मी निघालो तेव्हा मागून त्या माणसाचा आवाज ऐकू आला. तो म्हणत होता की दवाखान्यात यायला पाहिजे होतं, उस्ताद. भाऊ म्हणाला, कोणत्या तोंडानं आलो असतो. तो म्हणाला, ह्याच तोंडानं. पुढचं मला ऐकू आलं नाही. तट्ट्याच्या या बाजूनं मी ताटं मांडल्याचा आवाज ऐकला. सांजेच्या आधी भाऊ त्याला मोटरसायकलवर बसवून सौंदडच्या स्टेशनवर सोडून आला. जाताना तो माणूस माझ्या दारावरून गेला, पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्याही हिशेबात मी खोटारडाच ठरलो असणार.

माय तोवर फार थकली होती, तिला दिसतही कमी होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावून विचारलं की काल काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, तेव्हाच सांगितलं असतं तर तो मेला असता. थोड्या वेळानं म्हणाली, किंवा नसता मेला. एवढंच बोलून ती भिंतीकडे वळून झोपली.

या वर्षीच्या झेंडावंदनाला भाऊ उभा राहिला आणि दोनच वाक्यं बोलला. पहिलं, की तो गोळा त्याच्या चुकीनं गेला, मोठी चकती त्यानं बघितली नव्हती. शाळेच्या पोरांना काही कळलं नाही, पण मोठी माणसं चूप झाली. दुसरं वाक्य माझ्यावर होतं, की माझ्या सख्ख्या भावाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो शहाण्यासारखा गप्प राहिला. मग तो खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत.

तेव्हापासून गावात लोक त्याला मान देतात. चूक कबूल करायला छाती लागते, असं पानठेल्यावर बोलतात. माझ्याशी मात्र सांभाळून बोलतात. हा पोटात ठेवणारा माणूस आहे, असं त्यांचं मत झालं आहे. वर्षानुवर्षं मी त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याला उघडा पाडू शकत असताना पाडलं नाही, आणि शेवटी नाव माझंच खराब झालं. मला याचा राग येतो. बायको म्हणते, तुम्ही खरंच थोडी मजा पाहत होता. मी तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही.

सालेकशाचा माणूस आता अधूनमधून येतो, भावाकडे उतरतो. मोहफुलं वेचून झाली की थोडी घेऊन येतो, वहिनी भाकरी करते. भाऊही त्याच्याकडे जाऊन येतो. दोघांमध्ये काय बोलणं होतं ते मला माहीत नाही. तट्टा तसाच आहे, उलट या उन्हाळ्यात भावानं जुने बांबू काढून नवे, जास्त दाट लावले.

धानाच्या रोवण्याच्या वेळी बोडीच्या पाण्याची पाळी माझी होती. सकाळी जाऊन बघतो तर पाणी त्याच्या बांधीत चाललेलं. मी फावड्यानं त्याच्या बाजूचं तोंड बुजवलं आणि माझं उघडलं. तो धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, चालत आला, माझ्यापासून हातभर दूर उभा राहिला.

"कोनाले इचारून फोडलं?"

"आज माही पारी आहे."

"तुही पारी कोन सांगतलं? तुहा शब्द कोन मानते?"

मी फावडं खाली ठेवलं नाही. त्याच्याही हातात फावडं होतं. शेजारच्या बांधीत रोवणाऱ्या बायका काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. पाणी माझ्या बांधीत उतरत होतं, आणि आम्ही दोघं ते बघत उभे होतो. शेवटी तो थुंकला, माझ्याकडे पाठ केली आणि चिखलातूनच, धुरा सोडून, आपल्या बाजूला निघून गेला.